एलिस रेजिनाने गाणी लिहिली नाहीत, मग तिचं एवढं काय?

प्रश्न माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: "ताई, ब्राझीलची सगळ्यात मोठी गायिका कोण असं विचारलं की बहुतेक वेळा एलिस रेजिनाचं नाव पुढे येतं. पण तिने गाणी लिहिली नाहीत, चाली लावल्या नाहीत आणि छत्तिसाव्या वर्षी ती गेलीसुद्धा. मग तिच्यात एवढं काय होतं? आणि मला पोर्तुगीज येत नाही, तर ऐकायचं कसं?"

मी पंचवीसेक वर्षं सुगम संगीत शिकवते आहे आणि जवळजवळ तेवढीच वर्षं एलिस ऐकते आहे. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. चहा घेऊन बस.

आधी नावाचं. आपण 'रेजिना' म्हणतो, पण ब्राझीलमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा 'र' जवळजवळ 'ह' होतो. तिकडचा माणूस 'एलिस हेजिना' म्हणतो. मी सवयीने रेजिनाच लिहिते. यूट्यूबवर एखादा निवेदक 'हेजिना' म्हणाला तर ती दुसरी कुणी नाही, एवढं लक्षात ठेव.

आता तुझ्या प्रश्नातली खरी खोच. गायिकेने गाणं लिहिलं नाही म्हणून तिचं मोल कमी, ही शंका आपल्याकडे कुणाला यायची नाही. आपल्याकडे कामाची वाटणीच तशी आहे: कवीने लिहावं, संगीतकाराने चाल लावावी, गळा तिसऱ्याचा. ब्राझीलमध्ये मात्र साठच्या दशकानंतर मानाचं पान लिहिणाऱ्या-गाणाऱ्यांकडे गेलं. शिको बुआर्के, कायतानो व्हेलोसो, जिल्बर्टो जिल, मिल्टन नासिमेंटो हे सगळे आपली गाणी आपणच रचणारे आणि गाणारे. एलिस यांच्या पिढीची, यांच्याच बरोबरीने उभी राहिलेली, आणि एखाददुसरा अपवाद सोडला तर तिने काहीही रचलं नाही. तिने दुसऱ्यांची गाणी निवडली. माझं म्हणणं असं की तिची सगळी कमाई या 'निवडली' शब्दात आहे. गळा तर होताच. तसे गळे प्रत्येक पिढीत दोन-चार असतात.

17 मार्च 1945 ला ती पोर्तु आलेग्रे या शहरात जन्मली. ब्राझीलच्या अगदी दक्षिण टोकाला, अर्जेंटिना-उरुग्वेला लागून असलेल्या राज्याची ही राजधानी. घर कामगार वसाहतीतलं. सात वर्षांची असताना आईने तिला रेडिओवरच्या मुलांच्या कार्यक्रमात नेलं, आणि माइकसमोर तिच्या तोंडातून आवाजच फुटला नाही. गाण्याच्या क्लासात पहिल्या दिवशी दारामागे लपणारी मुलं मी इतकी पाहिली आहेत की हा प्रसंग मला फार जवळचा वाटतो. चारेक वर्षांनी ती त्याच कार्यक्रमात परत गेली आणि मग तिथली नेहमीची गायिकाच झाली. 1961 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तिची पहिली तबकडी आली. त्या काळच्या तरुण पोरांसाठी केलेली हलकीफुलकी गाणी. ती ऐकू नकोस. म्हणजे ऐक, पण शेवटी. त्यात गळा आहे, एलिस नाही. लहानपणी तिचं दैवत अँजेला मारिया, भरदार गळ्याची रेडिओगायिका, आणि एलिसच्या सुरुवातीच्या गाण्यात ती नक्कल सरळ ऐकू येते.

मार्च 1964 च्या अखेरीस ती वडिलांबरोबर रिओला आली. त्याच सुमारास, 31 मार्च-1 एप्रिलला, लष्कराने सत्ता ताब्यात घेतली. पुढची एकवीस वर्षं, 1985 पर्यंत, ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती. म्हणजे रिओला आल्यानंतरची एलिसची पूर्ण कारकीर्द त्या राजवटीच्या पोटात बसते. तिने ना ही खरी सुरुवात मोकळ्या हवेत केली, ना तिला शेवट मोकळ्या हवेत पाहायला मिळाला. हे मनात धर, पुढे लागणार आहे.

रिओत कोपाकाबानामध्ये एक बोळ आहे, 'बेको दास गार्राफास', म्हणजे बाटल्यांचा बोळ. तिथल्या छोट्या क्लबांमध्ये रात्रभर वादन चालायचं आणि वरच्या मजल्यावरचे वैतागलेले रहिवासी खाली बाटल्या फेकायचे, म्हणून हे नाव. तेव्हा बोसा नोवाचा, म्हणजे सांबातून निघालेल्या हळुवार गाण्याचा, जमाना होता. जोआओ गिल्बर्टोने गाणं कुजबुजीवर आणून ठेवलं होतं: आवाज चढवायचा नाही, कंप द्यायचा नाही, शेजारी बसलेल्याला सांगितल्यासारखं गायचं. त्या माहोलात ही पाच फुटी दक्षिणेची पोर पूर्ण गळा सोडून गाऊ लागली. तिथेच लेनी डेल हा अमेरिकन नर्तक भेटला. रंगमंचावर अंग कसं वापरायचं, हात कसे फिरवायचे, हे त्याने तिला शिकवलं. ती दोन्ही हात मागे असे गोल फिरवी की लोकांनी तिच्या नावावरच कोटी केली. पोर्तुगीजमध्ये 'एलिसी' म्हणजे विमानाचा पंखा, तर ही 'एलिसी' रेजिना. कवी विनिसियस द मोराइसने तिला दिलेलं नाव जास्त टिकलं: 'पिमेंतिन्या', छोटीशी मिरची. आपल्या भाषेत लवंगी मिरची. तिचा स्वभावही तसाच होता. वादकांशी भांडणं, पत्रकारांना फटकारणं, आज जिवलग असलेल्याशी उद्या अबोला.

एप्रिल 1965 मध्ये टीव्ही एक्सेल्सिओर या वाहिनीचा गीतमहोत्सव झाला. एलिस नुकतीच वीस वर्षांची झालेली. तिने गायलेलं 'आर्रास्तांव' पहिलं आलं. चाल एदू लोबोची, शब्द विनिसियसचे. आर्रास्तांव म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं. कोकणातल्या माणसाला मी एका शब्दात सांगेन: रापण. गाणं रापण ओढणाऱ्यांचं आहे आणि त्यात समुद्राची देवी येमान्जा येते. ऐकताना एका जागेकडे लक्ष दे. गाणं भरधाव चाललेलं असतं आणि नेमकं कळसाला लय निम्म्यावर येते. जाळं जड झालं आहे आणि सगळे मिळून ओढत आहेत, तसं. आपण दुगुणीतून बरोबरीत यावं तसा हा प्रकार, पण आपण तो तालाची गंमत म्हणून करतो, इथे त्या मंदावण्याला अर्थ आहे. टीव्हीवर हे पाहिलेल्या लोकांना ते फिरणारे हात आणि ती जागा, दोन्ही आयुष्यभर आठवली. 'एमपीबी', म्हणजे मुझिका पॉप्युलार ब्राझिलेइरा (ब्राझीलचं लोकप्रिय संगीत), या नावाने ओळखला जाणारा काळ इथून सुरू झाला असं बरेच जण मानतात.

लगेच टीव्ही रेकॉर्डवर झाइर रॉड्रिग्ससोबत तिचा 'ओ फिनो दा बोसा' हा कार्यक्रम सुरू झाला. दोघांची थेट मैफलीतून मुद्रित केलेली 'दोइस ना बोसा' ही तबकडी धो धो विकली गेली. वीस-एकवीस वर्षांची मुलगी देशातल्या सगळ्यात महागड्या कलाकारांत जाऊन बसली. या काळाबद्दल जास्त सांगत नाही. ते यश मोठं होतं, पण आज ऐकताना मला ती गाणी जरा दमवतात. प्रत्येक ओळ टाळी मागते.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण तिचे भक्त ती टाळतात. 17 जुलै 1967 ला साव पावलोत इलेक्ट्रिक गिटारच्या विरोधात मोर्चा निघाला. होय, गिटारच्या विरोधात. रॉबर्टो कार्लोसच्या रॉक मंडळींचा कार्यक्रम लोकप्रिय होत होता, एलिसच्या कार्यक्रमाची गर्दी ओसरत होती, आणि 'आपलं संगीत वाचवा' म्हणत ही मंडळी रस्त्यावर आली. एलिस त्यात पुढे होती. जिल्बर्टो जिलही चालला. कायतानो आणि गायिका नारा लेआव हॉटेलच्या खिडकीतून बघत राहिले आणि दोघांनाही ते दृश्य भयंकर वाटलं. गंमत पुढे आहे. तीन महिन्यांत जिल स्वतःच ओस मुतांतेस या रॉक तुकडीला, इलेक्ट्रिक गिटारसकट, घेऊन महोत्सवात उभा राहिला. आणि 1970 मध्ये एलिसने चक्क रॉबर्टो कार्लोसचं गाणं मुद्रित केलं, त्याच तबकडीत टिम मायासोबत इंग्रजी-पोर्तुगीज द्वंद्वगीत गायली. ती चुकली होती आणि तिने ते गाण्यातूनच मान्य केलं. मला तिची ही बाजू आवडते. मतावर अडून बसली असती तर 1966 मध्येच थिजली असती.

आता निवडीबद्दल. तिच्याकडे नवे लोक कॅसेट घेऊन येत आणि ती खरंच ऐके. 1966 मध्ये मिल्टन नासिमेंटोला फार कुणी ओळखत नव्हतं, तेव्हा तिने त्याचं 'कान्सांव दो साल' गायलं, मिठागरातल्या कामगाराचं गाणं. जिलची गाणी तो प्रसिद्ध होण्याआधी गायली. 1970 च्या सुमाराला इव्हान लिन्सचं 'मादालेना'. 1972 मध्ये जोआओ बोस्को आणि अल्दिर ब्लांक या अगदी नव्या जोडीचं 'बाला कॉम बाला', आणि त्याच तबकडीत ईशान्येच्या सेआरा राज्यातून आलेल्या बेल्शियोर आणि फाग्नर यांचं 'मुकुरिपे'. 1977 मध्ये रेनातो तेइशेराचं 'रोमारिया', खेड्यातल्या गरीब यात्रेकरूचं, शहरी लोक ज्याला 'गावठी' म्हणून नाकं मुरडत तशा बाजाचं. यातले जवळजवळ सगळे नंतर स्वतः मोठे झाले. एखाद्या संपादकाने पंधरा वर्षांत असे लेखक शोधून दिले असते तर आपण त्या संपादकावर गौरवग्रंथ काढला असता. मिल्टनबद्दल तर ती म्हणायची की देव गात असता तर मिल्टनच्या आवाजात गायला असता.

आणि निवडल्यावर ती गाण्याचं काय करी? 1972 ची 'एलिस' ही तबकडी घे (तिच्या बऱ्याच तबकड्यांचं नाव नुसतं 'एलिस' आहे, साल बघून घे). तिचा पहिला नवरा, निर्माता रोनाल्डो बोस्कोली, याच्याशी संसार नुकताच मोडलेला. मुलगा जोआओ मार्सेलो दीड-दोन वर्षांचा. पियानिस्ट सेझर कामार्गो मारियानो तिच्या गाण्यात आणि मग आयुष्यात आला. त्या तबकडीत 'आत्रास दा पोर्ता' आहे, 'दाराच्या मागे'. चाल फ्रान्सिस इमेची, शब्द शिको बुआर्केचे. नवरा सोडून जातो आहे आणि बायको त्याच्या पायाशी, दाराशी कोलमडते, असं गाणं. किस्सा असा सांगतात की शिकोचे शब्द अर्धेच झाले होते, एलिसने तेवढेच गाऊन टेप त्याच्याकडे पाठवली आणि ती ऐकून त्याने उरलेलं पूर्ण केलं. गाणं ऐकताना एक पाहा. ती रडण्याच्या अगदी कडेवर आहे, पण सूर इकडचा तिकडे होत नाही. माझ्या वर्गात भावपूर्ण गाणं म्हणजे श्वास सांडत, शब्द गिळत गाणं असा समज असलेल्या मुली येतात. त्यांना मी हे ऐकवते. व्यंजनं बघ म्हणते, एकही बोथट नाही. मोडलेल्या बाईचं गाणं न मोडलेल्या स्वरात गाता येतं आणि म्हणूनच ते अंगावर येतं.

त्याच वर्षी ती एका वाईट कचाट्यात सापडली. 1969 मध्ये युरोपातल्या एका मुलाखतीत तिने ब्राझीलवर 'गोरिला' राज्य करतात असं म्हटलं होतं. तिकडे लष्करशहांना लोक गोरिलाच म्हणत. राजवटीने ते विसरलं नाही. 1972 मध्ये ती लष्कराने घडवून आणलेल्या कार्यक्रमात गायली. धमकावून गायला लावलं, असं तिने पुढे सांगितलं. पण तेव्हा विरोधकांना ते ऐकायचं नव्हतं. 'ओ पास्किम' या उपरोधी साप्ताहिकात एन्फिल नावाचा व्यंगचित्रकार होता. राजवटीशी जुळवून घेणाऱ्यांना तो आपल्या चित्रांतल्या 'जिवंत मुडद्यांच्या स्मशानात' पुरत असे. त्याने एलिसलाही पुरलं. पुढच्या वर्षी साव पावलोतल्या एका मोठ्या मैफलीत प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली, तेव्हा या देशातल्या सर्वांत मोठ्या गायिकेला मान द्या, असं कायतानो ओरडला म्हणतात. तोच कायतानो, ज्याने तिचा गिटारविरोधी मोर्चा खिडकीतून पाहिला होता.

एन्फिलचं नाव लक्षात ठेव.

त्याआधी 1974. एलिसला फिलिप्स या तबकड्या काढणाऱ्या कंपनीत दहा वर्षं होत आली होती, त्यानिमित्त तिला हवी ती तबकडी करायची मुभा मिळाली. तिने टॉम जोबिम मागितला, बोसा नोवाचा सगळ्यात मोठा संगीतकार. हा तोच जोबिम, ज्याने दहा वर्षांपूर्वी नवख्या एलिसला एका तबकडीसाठी नाकारल्याचा किस्सा आहे, फार गावंढळ वाटली म्हणून. फेब्रुवारी-मार्च 1974 मध्ये लॉस एंजेलिसच्या एमजीएम स्टुडिओत दोघं समोरासमोर आले. सुरुवातीला वातावरण तंग होतं. वाद्यसंयोजन तरुण सेझर करणार, तेही इलेक्ट्रिक पियानो आणि इलेक्ट्रिक गिटार घेऊन, हे जोबिमला पटत नव्हतं. गिटारवर एलिओ देल्मिरो, बासवर लुइझांव माया, ड्रमवर पावलिन्यो ब्रागा. या तिघांची नावं मी मुद्दाम लिहिते आहे, कारण एलिसच्या आवाजाखाली जी जमीन आहे ती यांची.

आणि त्यातून 'आग्वास दे मार्सो' आलं, 'मार्चचं पाणी'. आपल्याला मार्च म्हणजे उन्हाचा चटका. तिकडे दक्षिण गोलार्धात मार्चमध्ये उन्हाळा संपतो आणि रिओत पाऊस कोसळतो, वाटा वाहून जातात. गाणं म्हणजे निव्वळ यादी आहे: काठी आहे, दगड आहे, रस्त्याचा शेवट आहे, काचेचा तुकडा आहे, रात्र आहे, मरण आहे, फास आहे, मासे धरायचा गळ आहे. जवळजवळ प्रत्येक तुकडा 'ए' ने, म्हणजे 'आहे'ने सुरू होतो. वाहत्या पाण्यात जे दिसेल ते. चाल दोन-चार सुरांतच घुटमळते, पण खालचे कॉर्ड पायरी पायरीने उतरत राहतात. त्यामुळे तोच सूर प्रत्येक वेळी वेगळा ऐकू येतो. तुला तानपुरा बदलल्यावर तोच गंधार कसा वेगळा लागतो हे आठवत असेल, तर साधारण तसं.

एलिसने हे गाणं 1972 च्या तबकडीतही गायलं होतं, एकटीने. दोन्ही लागोपाठ ऐक. बहात्तरचं उत्तम आहे, चोख आहे. चौऱ्याहत्तरमध्ये दोघं ओळी वाटून घेतात, मग अर्ध्या ओळी, मग शब्दाचे तुकडे, आणि शेवटी एलिसला हसू आवरत नाही. ते हसू तबकडीत तसंच ठेवलं आहे. बघण्यासारखं हे की हसतानाही ती लयीवरून पाय सरकू देत नाही. हसूसुद्धा मात्रेवर पडतं. मी हे गाणं वर्गात ऐकवते तेव्हा मुलांना भाषा समजत नसते, तरी शेवटाला सगळे हसत असतात.

पुढच्या वर्षी, डिसेंबर 1975 मध्ये, साव पावलोच्या बांदेइरांतेस थिएटरात तिने 'फाल्सो ब्रिल्यांते' सुरू केलं. नावाचा अर्थ खोटा हिरा. सर्कशीसारखा थाट, रंगवलेले चेहरे, आणि त्यातून एका गायिकेची गोष्ट, रेडिओपासून बाजारापर्यंतची. चौदा महिने चाललं आणि अडीचशेहून जास्त प्रयोग झाले. आपल्या नाटकवाल्यांना हा आकडा छोटा वाटेल, पण गायिकेने रोज जिवाच्या आकांताने गायचं म्हणजे काय ते गाणाऱ्याला कळतं. यात बेल्शियोरचं 'कोमो नोस्सोस पाइस' आहे, 'आपल्या आईबापांसारखेच'. एवढं सगळं करूनही आपण शेवटी आईबापांसारखंच जगतो आहोत, ही एका हरलेल्या पिढीची तक्रार. बेल्शियोर स्वतः ते काहीसं नाकात, बोलल्यासारखं गातो. एलिस गाते तेव्हा ती तक्रार राहत नाही, आरोप होतो. तिच्या आवाजात शेवटी जी खरखर येते ती ठरवून आणलेली असावी. त्याच तबकडीत इतर ठिकाणी गळा स्वच्छ आहे.

आता एन्फिलकडे येऊ. एलिस आणि त्याचा समेट झाला. एन्फिलचा भाऊ बेतिन्यो, समाजशास्त्रज्ञ, परागंदा होऊन मेक्सिकोत होता. डिसेंबर 1977 मध्ये चार्ली चॅप्लिन गेला, त्याच्या आठवणीत जोआओ बोस्कोने एक चाल बांधली आणि अल्दिर ब्लांकने शब्द लिहिले: 'ओ बेबादो इ आ इक्विलिब्रिस्ता', दारुडा आणि दोरावरची डोंबारीण. कोसळलेल्या पुलासारखी कोसळणारी संध्याकाळ (रिओत 1971 मध्ये खरोखरच एक उड्डाणपूल पडला होता), सुतकाचे कपडे घातलेला दारुडा, आणि दोरावर तोल सांभाळत चालणारी आशा. त्यात 'एन्फिलच्या भावाच्या' परतण्याची वाट पाहणारा देश आहे. आणि रडणाऱ्या मारिया आणि क्लॅरिस आहेत. क्लॅरिस म्हणजे पत्रकार व्लादिमिर हर्झोगची बायको. हर्झोगला ऑक्टोबर 1975 मध्ये साव पावलोत लष्कराच्या कोठडीत मारून टाकलं आणि आत्महत्या म्हणून जाहीर केलं. मारिया म्हणजे अशाच प्रकारे मारल्या गेलेल्या मानुएल फिएल फिल्यो या कामगाराची बायको, असं सांगितलं जातं.

सेन्सॉर असताना हे गाणं निघालं. नावं फक्त पहिली, बाकी सगळी सर्कस. एलिसने ते 1979 मध्ये गायलं. लष्कराचं बँड वाजावं तसं नाही, मोर्च्यातल्या घोषणेसारखंही नाही. ती पहिली ओळ इतकी हळू, इतकी सांभाळून टाकते की दोर खरंच पायाखाली आहे असं वाटतं. गाणं माफीच्या चळवळीचं गीतच झालं. त्या ऑगस्टमध्ये राजकीय कैदी आणि परागंदा लोकांसाठी माफीचा कायदा झाला, बेतिन्यो परत आला. ज्या बाईला एन्फिलने जिवंत मुडद्यांत पुरलं होतं, तिनेच त्याच्या भावाचं घरी येणं गाऊन ठेवलं.

शेवटची वर्षं झटपट सांगते. 1980 मध्ये रिओत 'सौदादे दो ब्राझिल' हा मोठा प्रयोग. सौदादे म्हणजे काय ते गोव्याच्या वाचकांना सांगायला नको. बाकीच्यांनी 'हुरहूर' म्हणावं आणि काहीतरी राहून गेलं असं समजावं. त्यात राष्ट्रध्वजासारखा सदरा घालायचा होता, ध्वजावरच्या 'सुव्यवस्था आणि प्रगती'च्या जागी 'एलिस रेजिना' लिहिलेला. सरकारने परवानगी दिली नाही. सेझरशीही फारकत झाली. त्याच्यापासून तिला पेद्रो आणि मारिया रिटा ही दोन मुलं. मारिया रिटाचं नाव मैत्रीण रिटा लीवरून. 1976 मध्ये रॉक गायिका रिटा ली गरोदर असताना तुरुंगात पडली, तेव्हा एलिस लहान मुलाला बरोबर घेऊन तिला भेटायला गेली होती. रॉकविरोधी मोर्चावाली एलिस!

19 जानेवारी 1982 ला साव पावलोत ती गेली. कोकेन आणि दारू. सदतीसला दोन महिने कमी होते. मृतदेह बांदेइरांतेस थिएटरातच, जिथे 'फाल्सो ब्रिल्यांते' चाललं होतं तिथे, दर्शनाला ठेवला. हजारो लोक आले. अंगात तो बंदी घातलेला सदरा होता.

मारिया रिटा तेव्हा चार वर्षांची होती. ती 2003 मध्ये गायिका म्हणून पुढे आली आणि आईची गाणी तिने बरीच वर्षं जाणून बुजून टाळली. 2012 मध्ये मात्र पूर्ण कार्यक्रम आईच्या गाण्यांचा केला. मग 2023 मध्ये फोक्सवॅगनने ब्राझीलमधल्या सत्तर वर्षांनिमित्त जाहिरात काढली. कृत्रिम बुद्धिमत्तेने उभी केलेली एलिस जुनी कोंबी, म्हणजे फोक्सवॅगनची व्हॅन, चालवते आहे, शेजारच्या नव्या गाडीत मारिया रिटा, दोघी 'कोमो नोस्सोस पाइस' गातात. लोक रडले आणि लोक भडकलेही. गेलेल्या माणसाची परवानगी कुणी द्यायची, हा एक वाद. दुसरा मला जास्त टोचतो: त्याच कंपनीने लष्करी राजवटीला साथ दिल्याच्या प्रकरणात 2020 मध्ये 3 कोटी 60 लाख रेयाल द्यायचा समझोता केला होता. जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेने चौकशी केली आणि प्रकरण मिटवलं. मी जाहिरात दोनदा पाहिली. तंत्र थक्क करणारं आहे. पण गाण्यातली सगळ्यात बोचरी कडवी तीत नाहीत, आणि एलिसने गाणं निवडलं होतं ते त्या कडव्यांसाठी.

आता ऐकायचं कसं. पहिला आठवडा फक्त 'एलिस इ टॉम', 1974. शब्दांचा अर्थ शोधू नकोस, मांडीवर ताल धर आणि ती शब्द मात्रेच्या किंचित आधी कुठे टाकते, किंचित मागे कुठे रेंगाळते, तेवढं पकड. दुसऱ्या आठवड्यात बहात्तरची तबकडी, या वेळी अर्थ वाचून. मग 'फाल्सो ब्रिल्यांते', मग 'बेबादो'. पासष्टचं 'आर्रास्तांव' त्यानंतर, म्हणजे ती कुठून कुठे आली ते कळेल.

सगळ्यात शेवटी मॉन्ट्रो, जुलै 1979. स्वित्झर्लंडच्या त्या जॅझ महोत्सवातलं स्वतःचं गाणं एलिसला आवडलं नाही, तिने मुद्रण बाहेर काढू दिलं नाही. ते ती गेल्यावर निघालं. त्याच्या शेवटी पियानोवर हर्मेटो पास्कोआल येतो आणि तालीम न करता दोघं सुरू करतात. 'गारोता दे इपानेमा' सारखं घासून गुळगुळीत झालेलं गाणं, आणि हर्मेटो खालचे कॉर्ड असे फिरवतो की पायाखालची फरशीच काढून घेतो. एलिस आधी चमकते, मग त्याच्या मागे जाते, मग त्याच्यापुढे. दोन ठिकाणी ती सुटेल असं वाटतं. ती दोन ठिकाणं शोधून ठेव आणि पुढच्या वेळी आलीस की मला सांग, माझ्या यादीशी ताडून बघू.